निरोगी गटातले व्याही

आमच्या व्याह्यांइतका निरोगी माणूस अख्ख्या सुरतेत दुसरा नाही. हे मी म्हणत नाही, ते स्वतः म्हणत. कुणी विचारो न विचारो. लग्नात, बारशाला, अगदी दहाव्याच्या बैठकीतसुद्धा. गेलेला माणूस कशानं गेला याची चौकशी सुरू झाली की व्याही स्वतःच्या छातीवर पंजा आपटत आणि "आमच्या घराण्यात छाती कुणाची वाजत नाही" हे वाक्य टाकत. मयताच्या घरचे लोक उगाचच अपराधी चेहरा करून बसत, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं होई. कारण मी त्यांच्या शेजारी मांडी घालून बसलेला असे, आणि माझी छाती वाजत असे. मी लहानपणापासूनचा दमेकरी. त्यात उधन्याच्या मराठी शाळेत जन्मभर खडूची धूळ खाल्लेली. औषधाचा फवारा मारायचा पंप खिशात नसला तर मला चप्पल न घालता बाहेर पडल्यासारखं वाटतं. व्याही माझ्या खिशाकडे बघून बैठकीतल्या चार लोकांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारायचे, "काय गुरुजी, यंत्र आणलंय ना?" मी मान हलवायचो. मुलीच्या बापानं दुसरं काय करायचं असतं?

माझ्या मुलीचं लग्न ठरत होतं तेव्हाची गोष्ट. व्याही कापड विणायच्या लूमच्या कारखान्यात मास्तर म्हणून नाव काढलेले, सुरतेतच डिंडोलीत दुमजली घर, मुलगा शिकलेला. दोन्ही घरं खानदेशातली, त्यामुळे भाकरी एक, बोली एक. बैठकीत कुणीतरी उदबत्तीचा अख्खा पुडाच पेटवला आणि मला धाप लागली. लपवण्यात अर्थ नव्हता, मी सगळ्यांदेखत पंप काढून ओढला. मुलीला तर नाही ना, असं विहीणबाईंनी विचारलं. नाही म्हटल्यावर व्याह्यांनी हात वर केला आणि निकाल दिला की चालेल, आमच्याकडचं रक्त जोरकस आहे, पुढच्या पिढीत सगळं धुऊन निघेल. एवढं बोलून ते घाईनं उठले आणि पाण्याची टाकी बघायला गच्चीवर गेले. मला वाटलं, केवढा मोठ्या मनाचा माणूस.

ही टाकी म्हणजे व्याह्यांचं सर्वांत मोठं वेड. बोलता बोलता मध्येच उठायचं, "टाकी बघून येतो" म्हणायचं आणि जिना चढायला लागायचं. स्वतःच्या घरची टाकी एक वेळ समजू शकतो, पण हा माणूस लोकांच्या टाक्या बघत असे. ऐन लग्नात, अंतरपाट धरलेला, भटजी घसा साफ करताहेत आणि मुलाचा बाप गायब. शोधाशोध केली तर हॉलच्या गच्चीवर टाकीमागे. हॉलच्या गुजराती मालकानं त्यांना चोर समजून दंडाला धरून खाली आणलं. लाजेनं माझी मान वर होईना, पण व्याही त्यालाच वर झापत होते की झाकण फुटलंय, कबुतरं आत घाण करताहेत, आणि हेच पाणी तुम्ही आमच्या वऱ्हाडाला पाजणार. मालकानं वर जाऊन पाहिलं तर झाकण खरंच फुटलेलं. त्यानं हात जोडले. तेव्हापासून आमच्या नातेवाइकांत व्याह्यांच्या टाकीला मान मिळाला. नवं घर घेताना लोक त्यांना मुद्दाम घेऊन जाऊ लागले.

बाकीच्या तऱ्हा काय सांगाव्यात. मिरचीच्या फोडणीचा ठसका उठायच्या आत त्यांना गल्लीच्या टोकाला कुणालातरी भेटायचं आठवे. दिवाळीत फटाके सुरू झाले की ते शिंदखेड्याकडे शेत बघायला निघत, आणि त्या शेतात दिवाळीत बघण्यासारखं काय असतं हे शेतातल्या माणसालाही सांगता आलं नसतं. देवळात धूप घातला की ते बाहेरूनच हात जोडत, कारण त्यांच्या मते देवाला धूर आवडत नाही, पुजाऱ्याला आवडतो. रात्री झोपायचे ते आरामखुर्चीत, बसूनच. पाठ गादीला लागली की आळस चढतो, लूमवरच्या माणसाला ते परवडत नाही, असं त्यांचं म्हणणं. नोकरी सोडून किती वर्षं झाली होती, पण आळस अजून चढू देत नव्हते. आम्ही हसत होतो. ज्याला जन्मभर त्याच दुखण्यानं छळलं त्या मलासुद्धा यातलं काही कळलं नाही, याचं मला आज राहून राहून वाईट वाटतं.

मग नात झाली. घरात तिला परी म्हणतात. तीन वर्षांची होईपर्यंत सगळं ठीक होतं, पण एका थंडीत तिची छाती वाजायला लागली. लहान मुलांच्या डॉक्टरनं पंप दिला, वर बसवायचा प्लास्टिकचा मुखवटा दिला, रोज घ्यायचा म्हणून बजावलं. विहीणबाईंनी तो कपाटात साड्यांच्या मागे ठेवून दिला. पंपाची सवय लागते, पोरीची जात, शेजारीपाजारी बघतील, उद्या लग्न जमवताना बभ्रा होईल. त्याऐवजी ओवा, अडुळसा, शेळीचं दूध. आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला एकच उत्तर की हे आईकडून आलंय, आमच्याकडे असलं काही नाही. माझी मुलगी सुरुवातीला फोनवर रडायची. मग रडायची थांबली, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटायला लागली. नवऱ्याला सांगून पाहिलंस का, असं विचारलं तर म्हणाली, आईपुढे ते बोलत नाहीत. सासऱ्यांना? तर हा विषय निघाला की सासरे टाकी बघायला जातात. तिकडे परी रात्र-रात्र उशी मांडीवर घेऊन बसून राहायची. मी मूग गिळून बसलो होतो, कारण दोष माझ्याच छातीचा ठरला होता.

त्याच सुमारास मी ज्या डॉक्टरबाईंकडे जातो त्यांनी मला एका संशोधनात घेतलं. दम्यात हवेच्या नळ्या आवळतात हे मलाही ठाऊक होतं. पण हवेच्या नळ्यांना लागून रक्ताच्या बारीक नळ्या असतात, त्यांचं दम्यात काय होतं ते बाईंना बघायचं होतं. बाई गुजराती, पण समजावून सांगण्यात आम्हा मास्तरांच्या वर. म्हणाल्या, ज्या लूमला सूतच येत नाही तिथे कारागीर कशाला उभा राहील? तसंच फुफ्फुसाच्या ज्या कोपऱ्यात हवा पोचत नाही तिथून रक्तही अंग काढून घेतं. आता रक्त तिथे फिरकत नाही ते हवा नाही म्हणून, की रक्ताची नळीच आजारी असते, आणि औषधानं हवा पोचली की रक्त परत येतं का, हा त्यांचा प्रश्न. त्यासाठी नव्या तऱ्हेचं सीटी स्कॅन. शिरेतून एक द्रव सोडायचा आणि फुफ्फुसाचा रंगीत फोटो काढायचा. रक्त पोचतं तिथे केशरी, नाही तिथे काळं. आणि तुलनेसाठी त्यांना आमच्याच वयाची, आमच्याच भागातली, बिडीकाडी न ओढणारी काही निरोगी माणसं हवी होती.

हे मी डिंडोलीत चहा पिताना बोललो, ही माझीच चूक. दुसऱ्या दिवशी व्याही कडक इस्त्रीचा सदरा घालून दवाखान्यात हजर. मी निरोगी गटात बसणार, असं त्यांनी लग्नाच्या पंगतीत जागा धरावी तसं जाहीर केलं. बाईंनी खोदून खोदून विचारलं की दमा आहे का, कधी धाप लागली का, कुठलं औषध चालू आहे का. शिरेतून जो द्रव सोडतात तो दमेकऱ्याला कधीकधी बाधतो, म्हणून हे विचारावंच लागतं. व्याही प्रत्येक प्रश्नाला असे हसत होते, जणू प्रश्न दुसऱ्याच कुणासाठी होते. फुंकायच्या चाचणीआधी ते दवाखान्याची टाकी बघून आले, आणि मग अशी फुंक मारली की बाईंनी शाबासकी दिली. शाबासकी मिळाल्यावर त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी माझं यंत्र खिशात आणखी खाली ढकललं.

स्कॅनच्या वेळी तो द्रव शिरेतून गेला की सगळं अंग तापतं, आणि धड सांगायचं तर आपण कपड्यात लघवी केली असं वाटतं. होत काही नाही, नुसतं वाटतं. मशीनवाले हे सगळ्यांना आधी सांगतात. मीही रिक्षात सांगितलं होतं, कारण माझा फोटो आदल्या आठवड्यात झाला होता. त्यांनी हात झटकला आणि म्हणाले की ते दमेकऱ्यांना होत असेल. मी बाहेर बाकावर बसलो होतो. थोड्या वेळानं मशीनवाला घाईघाईनं आला आणि म्हणाला, तुमचे काका टेबलवरून उठायला तयार नाहीत. आत गेलो. दवाखान्याचा निळा झगा घातलेले आमचे व्याही डोळे गच्च मिटून, मांड्या आवळून पडलेले. मी कानाशी वाकलो तर म्हणाले, "गुरुजी, सगळ्यांना बाहेर काढा. माझी अब्रू गेली." एवढा भारदस्त माणूस, पण आवाज पहिलीतल्या पोराचा. मी त्यांचा हात धरून झग्यावर ठेवला. कोरडा ठणठणीत. त्यांनी एक डोळा उघडला, पुन्हा चाचपलं, आणि त्यांना हसू फुटलं. मलाही फुटलं. मशीनवालाही हसला. आणि हसता हसता व्याह्यांची छाती वाजली.

ती शिट्टी मला अनोळखी नव्हती. जन्मभर ती मी आतून ऐकली आहे. व्याह्यांनी खोकला काढून ती झाकायचा प्रयत्न केला. पण झाकता येईना तेव्हा मशीनवाल्याला विचारलं, "गच्ची कुठे आहे?" तो बिचारा बघतच राहिला. द्रव दिल्यावर थोडा वेळ बसवून ठेवतात, पण हे आपली कपड्यांची पिशवी उचलून निसटले, झग्यातच, पाठीमागच्या नाड्या लोंबत. मी मागे धावलो. धावलो म्हणजे काय, एका मजल्यावर एकदा पंप, मग पुढचा जिना. वर पोचलो तर गच्चीच्या दाराशी, शेवटच्या पायरीवर आमचे व्याही भिंतीकडे तोंड करून बसलेले, आणि तोंडात माझ्यासारखाच पंप. त्यांनी वळून पाहिलं. माझ्याही हातात पंप होता. आम्ही दोघं एकमेकांकडे नुसते बघत राहिलो, दोघांनाही बोलायला श्वास नव्हता.

"गच्चीला कुलूप आहे," ते शेवटी म्हणाले.

मग त्या पायरीवर त्यांनी सांगितलं. तरुणपणी गावाहून आले तेव्हा पहिल्या सेठनं छाती वाजते म्हणून एका कारागिराला दारातूनच परत पाठवलेलं त्यांनी पाहिलं होतं. तेव्हापासून झाकली मूठ. मग बहिणीचं लग्न, मग मुलीचं, मग मुलाचं. प्रत्येक वेळी वाटायचं, एवढं पार पडू दे, मग सांगू. विहीणबाईंना माहीत आहे का, असं मी विचारलं, तर ते त्यांनाही नक्की सांगता येईना. खाली बाईंनी त्यांना असं फैलावर घेतलं की मलाच कुठे बघावं कळेना. दमा असून नाही म्हणून सांगितलं, काही बरंवाईट झालं असतं तर? व्याही हात मागे बांधून, खाली मान घालून उभे होते. जन्मभर मी अशी मुलं बघितली आहेत, आणि दरवेळी मला त्यांना जा, खाली बस म्हणावंसं वाटलंय.

पुढच्या आठवड्यात बाईंनी फोटो बघायला बोलावलं आणि घरचं कुणीतरी घेऊन यायला सांगितलं. व्याह्यांनी घरचं म्हणून मला नेलं. बाईंनी दोघांच्या परवानगीनं दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावले. माझी फुफ्फुसं केशरी, कडेला काही काळे डाग. व्याह्यांची म्हणजे उंदरानं कुरतडलेली गोधडी. मी औषध रोज घेत आलो आणि यांनी नुसता चोरून, जीव घाबरला तेवढ्यापुरता पंप ओढला, त्याचा फरक असू शकेल, असं बाई म्हणाल्या. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. इतक्या वर्षांच्या "यंत्र आणलंय ना"चा सूड त्या भिंतीवर झळकत होता. मग माझी नजर व्याह्यांकडे गेली. ते छातीवर हात ठेवून उभे होते, आपटलेला नव्हे, नुसता ठेवलेला, दुखऱ्या पोराच्या पाठीवर ठेवतात तसा. माझी मलाच शिसारी आली.

त्यांनी दोनच गोष्टी विचारल्या. हे काळं पुन्हा भरेल का? बाई म्हणाल्या, रोज औषध घ्या, मग परत फोटो काढू. काही भरेल, काही कदाचित नाही, तेच तर शोधतोय आपण. आणि दुसरं, हे नातवंडांत उतरतं का? उतरू शकतं, बाई म्हणाल्या, आईकडून, बापाकडून, दोन्हीकडून. कुणाकडून किती आलं ते तोलून कोण देणार? पण पोर लहान आहे, तिला आत्तापासून नीट औषध मिळालं तर ती खेळेल, पळेल. परतताना रिक्षात उधन्याचा पूल आला तसे व्याही माझ्याकडे वळले. मग म्हणाले, गुरुजी, घरी बोलू नका. मी हो म्हटलं. माझी मुलगी तिथे रोज बोलणी खात होती, नात श्वासासाठी धडपडत होती, आणि मी हो म्हटलं. संशोधनाच्या दम्याच्या गटात ते नव्यानं दाखल झाले, रोज औषध घेऊ लागले, तेही टाकीमागेच.

श्रावणात डिंडोलीत त्यांच्याकडे कानबाई देवी बसली. आमच्या खानदेशी माणसाचा हा सर्वांत मोठा सण. रोटाचे, म्हणजे देवीच्या नैवेद्याच्या पोळ्यांचे गहू घरीच जात्यावर दळायचे, सगळे भाऊबंद एका छताखाली, आणि रोट खायचे ते फक्त त्या कुळानं. मी पाहुणा, म्हणून दाराजवळ खुर्चीवर. दुपारपासून दळण चाललेलं, पीठ हवेत उडतंय, धूप पेटलेला, आणि संध्याकाळी परीची छाती भरली. ओठ पांढरे, खांदे वरखाली. माझी मुलगी तिला घेऊन खिडकीशी उभी राहिली. अमळनेरहून आलेल्या व्याह्यांच्या थोरल्या बहिणीनं जातं थांबवून मोठ्यानं म्हटलं की आईकडचं दुखणं देवीच्या कामात आडवं आलं. सगळ्या बायका माझ्या मुलीकडे बघायला लागल्या. मग माझ्याकडे. माझ्या मुलीनं मान वर केली नाही. आणि व्याही उठले. टाकी बघायला निघाले असं समजून पोरांनी जिन्यातून पाय बाजूला घेतले.

ते जिन्याकडे गेलेच नाहीत. कपाट उघडून त्यांनी साड्या जमिनीवर लोटल्या, परीचा पंप आणि मुखवटा शोधून काढला, आणि जात्याशेजारी पिठातच फतकल मारून बसले. मग कमरेच्या पिशवीतून स्वतःचा पंप काढला. टोपण दातांनी ओढून काढलं. बहिणीकडे बघून ते आमच्या बोलीत म्हणाले, "पोर मन्हावर गई. मन्ही छाती वाजस. सूनना काही दोष नही." परी माझ्यावर गेली आहे, वाजते ती छाती माझी. एवढं बोलून त्यांनी सगळ्या भाऊबंदांसमोर पंप ओढला, डोळे मिटून, कान लालबुंद, जणू कुणी भर चौकात धोतर फेडलं होतं. मग परीला मांडीवर घेऊन तिच्या तोंडावर मुखवटा धरला आणि असा घे, असा सोड, म्हणून शिकवू लागले. थोड्या वेळानं विहीणबाई जात्याला हात घालत पुटपुटल्या की टाकीची मोटर इतकी वर्षं मीच चालू करतेय, मला काय टाकीचं पाणी कळत नाही? मग साड्या उचलायला खाली वाकल्या आणि बराच वेळ वाकूनच राहिल्या.

परी आता रोज पंप घेते आणि गल्लीभर पळते. व्याह्यांचं मात्र सोपं झालं नाही. भाऊबंदांत कुणी कुजबुजलं की ते स्वतःबद्दलच समजून गप्प होतात. छातीवर पंजा आपटणं बंद झालं आणि बैठकीत ते माझ्या बाजूला न बसता मागे, भिंतीला टेकून बसतात. खरं सांगायचं तर मला त्या पंज्याचा आवाज आठवतो. दुसऱ्या फोटोच्या दिवशी आम्ही तिघं गेलो, ते, मी आणि माझी मुलगी. काही काळ्या जागा भरल्या होत्या, तिथे केशरी उमटलं होतं. काही तशाच होत्या. बाईंना दोन्हींत रस होता. मुलगी औषधाच्या दुकानात रांगेला उभी राहिली आणि आम्ही दोघं बाहेर बाकावर बसलो.

"गुरुजी," व्याही खाली बघत म्हणाले, "मी सूनबाईला कधी वावगं बोललो नाही."

"नाही," मी म्हटलं. "तुम्ही कधीच काही बोलला नाहीत."

त्यांनी बराच वेळ मान हलवली. "तेच," म्हणाले.

माझी मुलगी औषधं घेऊन आली. व्याही सरकले, बाकावर तिच्यासाठी जागा केली, आणि तिच्याकडे न बघताच तिच्या हातातली पिशवी आपल्याकडे घेतली.